मित्राच्या हाती काय द्यावे?



शेजारी आपल्याकडे कोयता मागायला येतो. केळीची पाने कापायची असतील, झावळ्या तोडायच्या असतील, तर आपण कारणही विचारीत नाही. परंतु त्याच दिवशी सकाळी त्याचे सख्ख्या भावाशी बांधावरून भांडण झाले आहे, आरडाओरडा साऱ्या आळीने ऐकला आहे आणि संध्याकाळी तो कोयता मागतो आहे. आता शेजारधर्म काय सांगतो? बरे, तो कोयता त्याचाच असेल, त्याने तो आपल्याकडे ठेवायला दिलेला असेल, तर?

हा प्रश्न फार जुना आहे. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या आरंभीच तो मांडला. ज्याचे त्याला परत देणे म्हणजे न्याय, असे एक वृद्ध गृहस्थ सुचवतात. त्यावर सॉक्रेटिस विचारतो: एखाद्या मित्राने शुद्धीवर असताना आपली शस्त्रे तुमच्याकडे ठेवली आणि वेडाच्या भरात ती परत मागितली, तर ती द्याल काय? 'नाही' या उत्तरावर सर्वांचे एकमत होते. मित्राचा हक्क आणि मित्राचे हित या दोन गोष्टी प्रत्येक वेळी एकच नसतात, हे त्या छोट्याशा संवादातून कळून येते.

जे घराघरांत घडते तेच राष्ट्राराष्ट्रांत घडते. मित्रराष्ट्र संकटात आहे, ते सैन्य मागते, तोफा मागते, दारूगोळा मागते. सरकारने काय द्यावे आणि काय देऊ नये? हा प्रश्न फक्त मंत्र्यांचा आणि सेनापतींचा आहे, असे आपण समजतो. परंतु जे दिले जाते ते आपल्या नावाने आणि आपल्या करातून दिले जाते. म्हणून आज या प्रश्नाचा विचार आपण सर्वांनी मिळून करावा, असे आम्हांला वाटते.

एकच मित्र, अनेक मार्ग

उदाहरण म्हणून आपला शेजारी देश श्रीलंका घेऊ. धनुष्कोडीपासून तलैमन्नारपर्यंतचे अंतर तीस किलोमीटरच्या आसपास आहे. तेथील बहुसंख्य सिंहली लोक बौद्ध आहेत, तमिळांपैकी बहुसंख्य हिंदू आहेत आणि आपले कॅथलिक बांधव दोन्ही समाजांत आहेत. उत्तरेकडच्या अरण्यातील मडूच्या मातेच्या यात्रेला सिंहली आणि तमिळ भाविक एकत्र गुडघे टेकत आले आहेत. या देशात यादवी पेटली, तेव्हा सुमारे पंचवीस वर्षांच्या अवधीत भारताने जवळजवळ सर्वच मार्ग चोखाळून पाहिले. म्हणून हे उदाहरण आपल्याला बरेच काही शिकवते.

पहिला मार्ग बंडखोरांना शस्त्रे देण्याचा. २३ जुलै १९८३ रोजी जाफन्यात तमिळ वाघांनी, म्हणजे एलटीटीईने, १३ सैनिकांना ठार केले. त्यानंतर कोलंबो आणि इतरत्र तमिळांची घरे-दुकाने जाळण्यात आली, माणसे मारण्यात आली. हजारो निर्वासित तमिळनाडूच्या किनाऱ्याला लागले. भारताने तेव्हा तमिळ तरुणांच्या सशस्त्र गटांना प्रशिक्षण आणि शस्त्रे दिली. त्यामागे छळ झालेल्यांविषयीची कणव होती, तसे राजकीय हिशेबही होते.

दुसरा मार्ग अन्न देण्याचा. १९८७ साली श्रीलंकेच्या सैन्याने जाफन्याची कोंडी केली. भारताने धान्याच्या बोटी पाठवल्या, त्या परतवण्यात आल्या. तेव्हा ४ जून १९८७ रोजी भारतीय हवाई दलाच्या विमानांनी जाफन्यावर सुमारे २५ टन अन्नसामग्री टाकली. मित्रराष्ट्राच्या सरकारला विचारून नव्हे, तर त्याच्या इच्छेविरुद्ध!

तिसरा मार्ग सैन्य पाठवण्याचा. २९ जुलै १९८७ रोजी पंतप्रधान राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला आणि भारताची शांतिसेना श्रीलंकेत उतरली. तिने शस्त्रे गोळा करायची होती, परंतु ऑक्टोबरमध्ये तीच युद्धात उतरली. ज्यांना आपण शस्त्रे चालवायला शिकवले, त्यांच्याच गोळ्या आपल्या जवानांनी झेलल्या. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन हे २५ नोव्हेंबर १९८७ रोजी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. एकूण सुमारे १२०० भारतीय जवान तेथे कामी आले. त्याच युद्धात, ऑक्टोबर १९८७ मध्ये, जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या सैन्याच्या गोळीबाराने रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका मृत्युमुखी पडल्या, हेही सांगितलेच पाहिजे.

पुढे १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांना भारतीय सैन्य नकोसे झाले. तेव्हा त्यांच्या सरकारने चक्क तमिळ वाघांनाच शस्त्रे पुरवली. मार्च १९९० मध्ये शांतिसेना परतली आणि जूनमध्ये वाघ पुन्हा श्रीलंकेच्या सैन्यावर तुटून पडले. २१ मे १९९१ रोजी राजीव गांधींची आणि १ मे १९९३ रोजी प्रेमदासांची हत्या झाली. दोन्ही हत्यांमागे एलटीटीईच होती. शस्त्र देणाऱ्याचा हेतू काहीही असो, शस्त्र त्या हेतूशी बांधलेले राहत नाही.

नकार देण्याचा प्रसंग

एप्रिल २००० मध्ये जाफन्याचे प्रवेशद्वार समजला जाणारा एलिफंट पास हा तळ वाघांनी जिंकला. जाफना द्वीपकल्पातील हजारो श्रीलंकन सैनिकांच्या परतीचा रस्ता बंद झाला. राष्ट्राध्यक्षा चंद्रिका कुमारतुंगा यांच्या सरकारने भारताकडे मदत मागितली.

ही मागणी अन्यायाची होती काय? कायदेशीर सरकारला आपल्या देशाचे आणि नागरिकांचे रक्षण करण्याचा अधिकार आहे. समोरचा शत्रूही साधासुधा नव्हता. ऑगस्ट १९९० मध्ये काट्टानकुडी येथील मशिदींत नमाज पढणाऱ्या शंभराहून अधिक मुसलमानांना ठार करण्यात आले होते आणि त्याचा ठपका वाघांवर आला. जानेवारी १९९६ मध्ये कोलंबोच्या मध्यवर्ती बँकेवर स्फोटकांनी भरलेला ट्रक नेऊन त्यांनी सुमारे ९० माणसांचे प्राण घेतले होते. परंतु दुसरी बाजूही होती. जुलै १९९५ मध्ये जाफन्याजवळच्या नवाली येथे संत पेत्राच्या चर्चमध्ये आसरा घेतलेल्या लोकांवर श्रीलंकेच्या हवाई दलाने बॉम्ब टाकले होते आणि शंभराहून अधिक माणसे मेली होती. विमान मागणारा हात आणि चर्चवर बॉम्ब टाकणारा हात एकच होता.

पंतप्रधान वाजपेयी यांच्या सरकारने सैन्य पाठवण्यास नकार दिला आणि मानवतावादी मदतीची तयारी दर्शवली. १९८७ ची जखम ताजी होती, तमिळनाडूतील भावना तीव्र होत्या, आघाडीचे सरकार होते. कोलंबोने लगोलग इस्रायलशी राजनैतिक संबंध पुन्हा जोडले आणि तेथून लढाऊ विमाने घेतली. पाकिस्ताननेही शस्त्रे दिली. जाफना पडले नाही आणि फेब्रुवारी २००२ मध्ये नॉर्वेच्या मध्यस्थीने युद्धविराम झाला.

ढाल आणि तलवार

२००६ साली युद्धविराम प्रत्यक्षात मोडला. तेव्हा भारताने आणखी एक मार्ग काढला: मारक शस्त्रे द्यायची नाहीत, फक्त संरक्षणात्मक साहित्य द्यायचे. रडार दिले, विमानविरोधी तोफा दिल्या, तटरक्षक दलाची गस्तीनौका दिली, समुद्रावरील हालचालींची माहिती दिली. वाघांकडे छोटी विमाने होती आणि मार्च २००७ मध्ये त्यांनी कोलंबोजवळच्या हवाई तळावर बॉम्बहल्ला केला होता. तेव्हा रडारची गरज खोटी नव्हती. त्याच वर्षी आपले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार नारायणन यांनी जाहीरपणे सांगितले, की श्रीलंकेने शस्त्रांसाठी चीन वा पाकिस्तानकडे जाऊ नये. मात्र आपण आक्रमक शस्त्रे देणार नाही. श्रीलंका चीनकडेही गेली आणि पाकिस्तानकडेही गेली. सप्टेंबर २००८ मध्ये वावुनिया येथील तळावर वाघांनी हल्ला केला, त्यात रडारचे काम पाहणारे दोन भारतीय तंत्रज्ञ जखमी झाले. आपली माणसे रणभूमीच्या इतकी जवळ आहेत, हे पुष्कळ भारतीयांना त्या दिवशी समजले.

मग २००९ साल उजाडले. जानेवारी ते मे या काळात लाखो तमिळ नागरिक मुल्लैतीवूच्या किनाऱ्यावरील अरुंद वाळूच्या पट्ट्यात कोंडले गेले. सरकारने ज्या जागांना 'गोळीबारमुक्त क्षेत्र' म्हटले होते तेथे तोफगोळे पडले, रुग्णालयांवर पडले. वाघांनी त्या नागरिकांनाच ढाल बनवले, मुलांना बळजबरीने लढायला नेले, निसटू पाहणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०११ साली म्हटले, की मृत नागरिकांची संख्या ४० हजारांपर्यंत असण्याची शक्यता नाकारता येत नाही. मन्नारचे महागुरू रायप्पू जोसेफ यांनी सरकारचेच आकडे पुढे ठेवून विचारले, की वन्नी भागातील १,४६,६७९ माणसांचा हिशेब लागत नाही, ती कोठे गेली? २०२१ मध्ये त्यांचे देहावसान झाले. त्यांना उत्तर मिळाले नाही.

चार सबबी

येथे आपण थोडे थांबू या. रुग्णालयावर पडलेला गोळा भारताचा नव्हता. तर मग आपला त्याच्याशी संबंध काय? दुसऱ्याच्या दुष्कृत्यातील सहभागाचा विचार ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रात शतकानुशतके झाला आहे. दुष्कृत्याला मनाने संमती देऊन साहाय्य करणे आणि संमती नसताना आपल्या कृतीचा त्याला उपयोग होणे, या दोहोंत संत आल्फोन्सस लिगोरी यांनी अठराव्या शतकात भेद केला. पहिले कधीही क्षम्य नाही. दुसऱ्याच्या बाबतीत तीन गोष्टी तपासाव्या लागतात: कारण किती गंभीर होते, आपली कृती त्या दुष्कृत्यापासून किती दूर होती आणि ते टाळण्यासाठी आपण काय केले? या कसोटीवर चार नेहमीच्या सबबी घासून पाहू.

पहिली सबब: 'मित्र आहे, मागतो आहे, दिलेच पाहिजे.' प्लेटोने तिचे उत्तर देऊन ठेवले आहे. परक्याला 'कशाला हवे?' असे विचारायला आपल्याला संकोच वाटेल. मित्राला विचारायला काय हरकत आहे? उलट तो आपला मित्र आहे, म्हणूनच विचारण्याचा अधिकार आणि कर्तव्य दोन्ही आपल्याकडे आहेत.

दुसरी सबब: 'आपण दिले नाही तर दुसरा देईल.' हे खरेच घडते, श्रीलंकेत घडलेही. शिवाय जो काही देतो त्याचेच दोन शब्द ऐकले जातात, हेही खरे. परंतु या युक्तिवादाला शेवट नाही. त्याने गावठी दारूची भट्टीही योग्य ठरते, कारण आपण नाही लावली तर दुसरा लावणारच. आणि देण्यामुळे आपल्या शब्दाला वजन येते असे म्हणायचे असेल, तर तो शब्द वेळेवर आणि ठामपणे उच्चारावा लागतो. जो आवाज कधी उठवलाच जात नाही, तो टिकवण्यासाठी शस्त्रे दिली असे म्हणण्यात अर्थ नाही.

तिसरी सबब: 'आम्ही ढाल दिली, तलवार नाही.' हा भेद खोटा नाही. रडारने कोलंबोतील सामान्य माणसाचेही रक्षण होत होते आणि ते देणे हे पाप होते, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्याची पाठ सुरक्षित होते, त्याचे दोन्ही हात पुढच्या लढाईला मोकळे होतात. समुद्रावरची माहिती हे शस्त्र दिसत नाही, तरी युद्धात तिचे मोल तोफेइतके असू शकते. चूक ढाल देण्यात नसते. 'संरक्षणात्मक' हा शब्द उच्चारला की विचार करण्याची जबाबदारी संपली, असे मानण्यात ती असते.

चौथी सबब सर्वांत मोहक आहे: 'आम्ही काहीच दिले नाही, आमचे हात स्वच्छ आहेत.' पिलातानेही पाणी मागवून हात धुतले होते. ज्याच्या घरात चोर शिरला आहे त्याला आपण काठीसुद्धा दिली नाही, तर आपले अहिंसेचे व्रत दुसऱ्याच्या जिवावर पाळले जाते. नकार देणे कधीकधी योग्यच असते, पण नकार म्हणजे सुटका नव्हे. शस्त्र नाही म्हणणाऱ्यावर दुसरे काहीतरी देण्याचे ऋण चढते: मध्यस्थी, अन्न, औषध, आश्रय आणि छळ झालेल्याच्या बाजूने साक्ष.

मित्र म्हणजे नेमके कोण?

या चारही सबबींच्या मुळाशी एकच गफलत आहे, असे आम्हांला वाटते. 'मित्रराष्ट्र' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे त्या देशाचे सरकार येते. हस्तांदोलन सरकारशी होते, करारावर सही सरकारची असते. परंतु राष्ट्र म्हणजे सरकार नव्हे. कोलंबोच्या बँकेत मेलेला सिंहली कारकून आपला मित्र होता, काट्टानकुडीत नमाजाला वाकलेला मुसलमान आपला मित्र होता आणि मुल्लैतीवूच्या वाळूत खड्डा खणून लेकरांना त्यात झाकणारी तमिळ आईही आपलीच मित्र होती. जे साहाय्य या तिघांपैकी एकाला दुसऱ्याच्या हातून मरू देते, ते मित्राला केलेले साहाय्य नव्हे.

तेव्हा सरकारने प्रथम विचारायचे ते असे: आपण देऊ त्यामुळे त्या घरातील सर्वांत दुबळा माणूस अधिक सुरक्षित होईल की अधिक असुरक्षित? मग पुढचे: दिल्यानंतर त्यावर लक्ष ठेवायला आणि गैरवापर झाला तर हात आखडता घ्यायला आपण तयार आहोत काय? आणि शेवटचे: लढाई संपल्यावर आपण तेथे असू काय? दाखल्यातील भला शोमरोनी जखमेवर तेल ओतून निघून गेला नाही. खाणावळवाल्याला पैसे देऊन त्याने परत येण्याचे वचन दिले. या शेवटच्या बाबतीत भारताने काही चांगले केले, हे मान्य केले पाहिजे. २००९ च्या मार्चमध्ये पुल्मोडै येथे भारतीय डॉक्टरांनी जखमींसाठी रुग्णालय उभारले. पुढे उत्तर-पूर्व भागातील घर गमावलेल्यांसाठी सुमारे ४६ हजार घरांची योजना राबवली. २०१२ साली जिनिव्हाच्या मानवी हक्क परिषदेत मित्राच्या सरकारला न आवडणारे मतही दिले. ही तीनही कामे मैत्रीचीच होती.

हा सर्व विचार इतिहासजमा झालेला नाही. आपला देश आता केवळ शस्त्रे घेणारा राहिलेला नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षात भारताची संरक्षणविषयक निर्यात २१ हजार कोटी रुपयांच्या वर गेली. एप्रिल २०२४ मध्ये ब्राह्मोस क्षेपणास्त्रे फिलिपिन्सला पोहोचली. शस्त्रांचा वापर नरसंहारासाठी किंवा नागरिकांवरील हल्ल्यांसाठी होणार हे ठाऊक असेल तर ती देऊ नयेत, असे सांगणारा शस्त्रव्यापार करार संयुक्त राष्ट्रांत २०१३ साली मतास आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. घेणाऱ्या देशांवर त्यात अन्याय होतो, असे भारताचे म्हणणे होते. देणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिल्यावर आपल्याला त्या प्रश्नाकडे नव्याने पाहावे लागेल. निर्यातीचा आकडा वाढला की वर्तमानपत्रे अभिनंदन करतात. रोजगार वाढतो, तंत्रज्ञान वाढते, याचा आनंद आपल्यालाही आहे. परंतु ते कोणाच्या हाती गेले आणि कोणावर रोखले गेले, हे विचारणे म्हणजे देशद्रोह नव्हे. ज्या देशावर आपले प्रेम आहे, त्याच्या हातून पाप घडू नये असे वाटणे, हेही देशप्रेमच आहे.

श्रीलंकेच्या उत्तर भागात, किलिनोच्ची येथे, २०१७ च्या फेब्रुवारीत बेपत्ता झालेल्यांच्या आया रस्त्याच्या कडेला बसल्या. हातात मुलांची छायाचित्रे होती आणि मागणी एवढीच, की आमची मुले कोठे आहेत ते सांगा. त्यांतील कित्येक जणी वाट पाहता पाहता मरण पावल्या. कोणत्या देशाने रडार दिले, कोणी विमाने दिली आणि कोणी नाही म्हटले, याचा हिशेब त्यांना मांडता येणार नाही. तो मांडण्याची जबाबदारी आपली, देणाऱ्यांची आहे. या रविवारी मिस्सामध्ये शांतीसाठी प्रार्थना करताना त्या मातांची आठवण करू या. आणि पुढच्या वेळी 'मित्रराष्ट्राला लष्करी मदत' अशी बातमी वाचली, तर पान उलटण्यापूर्वी त्या मित्राच्या घरात आणखी कोण कोण राहते, हे स्वतःला विचारू या.